फोटोवरून अळंबी ओळखू नये

कुडाळ, आषाढ

चि. सुजय,

फोटो पोचले. आधी वहिनीला सांग, अळंब्या चिरू नकोस, धुऊही नकोस. फेकूही नका, त्यातली एक आपल्याला लागणार आहे. मोबाइलमधल्या ॲपने ती टर्मिटोमायसिस, म्हणजे आपली वारुळावरची अळंबी, असं ठरवलं आणि तुझ्या बाबांना लगेच गावचं सुकं आठवलं, हे कळलं. मला मात्र ते नाव पटलेलं नाही.

वारुळावरची अळंबी ही वाळवीने पाळलेली बुरशी. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड कुरतडून वारुळात नेते, आपल्या विष्ठेचे भोकाभोकांचे थर रचते, त्यावर ही बुरशी पोसते. लाकडाचा वाळवीला न पचणारा भाग बुरशी मऊ करते आणि वाळवी तो खाते. पाऊस नीट मुरला की त्याच बुरशीच्या छत्र्या जमीन फोडून वर येतात. त्यामुळे तिचा दांडा मुळासारखा निमुळता होत वीतभर, कधी त्याहूनही खोल, थेट त्या थरापर्यंत गेलेला असतो. धिंगरी आणि बटण पिशव्यांत पिकवता येतात; हिची शेती होत नाही, कारण वाळवीवाचून हिचं चालत नाही.

आता तुमची जागा बघ. नाहूरच्या टॉवरची ती हिरवळ पोडियमवर आहे. खाली गाड्या, मग स्लॅब, स्लॅबवर कुठून तरी ट्रकने आणलेली माती. वारूळ वरून न दिसता जमिनीच्या पोटात असू शकतं हे खरं, पण त्याला खाली जमीन तर हवी!

फोटोत मला दिसतं ते असं: ताटलीएवढी पांढरी टोपी, मधोमध तपकिरी खवले, दांड्यावर सैल कडं, आणि सगळ्या हिरवळीवर गोलाकार उगवलेल्या. माझा संशय क्लोरोफायलमवर आहे. पावसाळ्यात लॉनवर येणारी ही विषारी अळंबी जगभरच्या उष्ण प्रदेशांत लोकांना फसवते. कोवळी असताना टोपीखालचे पापुद्रे पांढरे असतात, जून झाली की हिरवट होतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. माणूस सहसा दगावत नाही, पण लहान मुलांची अवस्था वाईट होते. तुझ्या फोटोंत एकही खालून काढलेला नाही. ॲपचा निम्मा दोष तिथेच आहे. त्याला टोपीचा रंग दिला, त्याने टोपीच्या रंगाचं उत्तर दिलं. कोणत्या कुळाच्या आसपास शोधायचं एवढं ॲप सुचवतं, तेवढ्यापुरतं ते वापर.

तेव्हा एक काम कर. पूर्ण उमललेल्या अळंबीचा दांडा टोपीलगत काप. एक कागद घे, अर्धा पांढरा, अर्धा काळा. त्यावर टोपी पालथी ठेव, वर वाडगा झाक आणि रात्रभर हात लावू नकोस. सकाळी टोपी अलगद उचललीस की बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसेल, पापुद्र्यांच्या रेघांसकट. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, क्लोरोफायलमचा मळकट हिरवा. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही, म्हणून अर्धा कागद काळा.

दुसरी सवय बुडाची. अळंबी उपटायची नाही, बाजूची माती सुरीने सैल करून मुळासकट काढायची. अमानिता कुळातल्या काही जाती माणूस मारतात. त्या सुरुवातीला अंड्यासारख्या आवरणात असतात आणि उमलल्यावर ते आवरण दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखं उरतं. ओढून काढली की पिशवी मातीतच राहते आणि हातात एक गोजिरवाणी पांढरी छत्री येते. भाताच्या पेंढ्यावरच्या खाण्याच्या अळंबीलाही अशीच पिशवी असते, पण तिचा ठसा गुलाबी, अमानिताचा पांढरा. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी गावाकडची पेंढ्यावरची समजून तिकडची अमानिता खाल्ली आणि जीव गमावले. त्यांची ओळख खोटी नव्हती, ती दुसऱ्या मुलखाची होती. तुझ्या बाबांची कुडाळची ओळख नाहूरला लावू नकोस, म्हणतो ते यासाठीच.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण निळी होते का, किडे खातात का, या परीक्षा आजीच्या तोंडून मीही ऐकल्या आहेत. एकीलाही अर्थ नाही. गोगलगाय अमानिता मजेत खाते. अमानिताचं विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. सगळ्यात घातक म्हणजे ते सहा-बारा तास गप्प बसतं. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये दिवसभर बरं वाटतं, घरचे सुस्कारा टाकतात, आणि आत यकृत निकामी होत असतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात चहामळ्यांतली माणसं रानातली अळंबी खाऊन याच तऱ्हेने गेली. कुणी असं काही खाल्लंच, तर बरं वाटण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा, आणि उरलेली अळंबी, अगदी सालं-देठंसुद्धा, बरोबर न्यायची.

रविवारी मित्रांबरोबर राष्ट्रीय उद्यानात ‘फोरेजिंग’ला जायचं म्हणतोस. बघायला जरूर जा, रीतसर तिकीट काढून, मोकळ्या वाटांनी. मुलुंडच्या बाजूने कुंपणाच्या भोकातून शिरू नका. ते बिबट्याचं रान आहे आणि पावसाळ्यात गवत कमरेएवढं असतं. तिथून काहीही तोडून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, अळंबीसुद्धा. आणि कायदा नसता तरी सांगितलं असतं. गोव्यात वारुळं ओरबाडल्याने अळंबी कमी होत चालल्याचं गोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. नंदकुमार कामत वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. रस्त्याकडेचीही उचलू नकोस. अळंबी मातीतले जड धातू शोषून घेते, आणि लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला काय मुरलं असेल ते तुम्ही तिथले लोक जाणताच.

खाणं बाजूला ठेवलंस तर या नादात पुष्कळ मजा आहे. एक वही कर. तारीख, आदल्या दिवशीचा पाऊस, कशावर उगवली (माती, शेण, मेलेलं लाकूड, जिवंत झाड), वास, कापल्यावर रंग बदलतो का, ठशाचा रंग. नावाची जागा कोरी राहिली तरी चालेल. माझ्या वह्यांत निम्म्या कोऱ्या आहेत. पुण्याला गेलास तर आघारकर संशोधन संस्थेची चौकशी कर. तिथे अजरेकरांच्या नावाचा बुरशींचा नमुनासंग्रह आहे. वाळलेल्या, बेरंग तुकड्यांसोबत माणसं किती बारीक नोंदी ठेवतात, ते बघायला मिळालं तर तुला कळेल.

बाबांना अळंबीचं सुकं हवंच असेल तर दुकानातून धिंगरी आणा, खोबरं-मिरी जरा सढळ घाला.

ठसा निघाला की मला कळव. फोटोत रंग फसवा येतो, तेव्हा कागदच पाकिटात घालून टाक, घडी ठशावर येऊ देऊ नकोस. आणि टोपीला हात लावलास की साबणाने हात धू.

तुझा,
काका