फिरत्या कॅशबॅकचा हिशेब

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलाच्या कार्डावर दर तीन महिन्यांनी पाच टक्के कॅशबॅकचे प्रकार बदलतात. आपल्याकडे असं कार्ड मिळेल का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तिथे डिस्कव्हर किंवा चेस फ्रीडम फ्लेक्सवर हे चालतं, पण तिमाहीला १५०० डॉलरच्या खर्चापर्यंतच आणि दर वेळी नोंदणी केली तरच. म्हणजे फार तर ७५ डॉलर. आपल्याकडे प्रकार सहसा ठरलेले असतात. फिरतात त्या सणासुदीच्या ऑफर आणि बँकांच्या अटी. म्हणून आधी वगळलेल्या खर्चांची यादी वाचा. इंधन, घरभाडं बहुधा त्यात असतंच, अनेकदा सोनंही. तेव्हा इतवारीच्या सराफ्यातला कॅशबॅक गृहीत धरू नका.

दुकानाचा प्रकार पाटीवरून नव्हे, त्याच्या चार अंकी मर्चंट कोडवरून ठरतो. सीताबर्डीत तुम्ही किराणा घेतलात, पण कोड डिपार्टमेंट स्टोअरचा निघाला तर किराण्याचा कॅशबॅक गेला. आधी छोटी खरेदी करून स्टेटमेंट पाहा, मग दिवाळीची यादी काढा.

माझ्या मते दोन कार्डं पुरे. ९९९ रुपये वार्षिक फी जीएसटीसह ११७९ होते. पाच टक्क्यांनी ती वसूल व्हायलाच साडेतेवीस हजारांचा खर्च लागतो. ऑटो-पे पूर्ण रकमेवर लावा, ‘मिनिमम ड्यू’वर नाही, व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. नको झालेलं कार्ड, थकबाकी नसेल तर, बँकेने कामाच्या सात दिवसांत बंद करायचं असतं. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये तुम्हाला.