चाकातली हवा

मंडळी, बैलगाडी जुंपण्याआधी आपले वाडवडील चाकाकडे बघत. धाव सैल झाली का, वंगण आहे का, हे पाहूनच बैल जुंपत. आज गडमुडशिंगीत पुष्कळ दारांत मोटारसायकल उभी असते. पहाटे डेअरीला दूध घालायचे, मग शेतावर जायचे, नाहीतर कोल्हापूर गाठायचे. किल्ली फिरवली की निघालो! चाकाकडे कोण बघतो?

पण आपला सगळा भार त्या चाकातल्या हवेवर असतो. टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताहून लहान जागेवर. तेवढ्यावर घरधनी, मागे घरधनीण, मध्ये लेकरू!

हवेचे चाक आले कसे? १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या पोराची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर दणके खाई. डनलॉपने चाकांना रबरी नळी बसवली आणि तीत हवा भरली. सायकल हलकी पळू लागली.

हवा कमी असली तर काय होते? टायर कडेने दबतो, तापतो आणि लवकर झिजतो. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त लागते. वळणावर गाडी डुलते. खड्ड्यात रिम वाकते. तापलेला टायर भर रस्त्यात फुटूही शकतो. हवा जास्त झाली तर टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो.

मग हवा किती हवी? गाडीवर एक छोटी पाटी चिकटवलेली असते. बहुधा ती साखळीच्या झाकणावर किंवा मागच्या चाकाजवळ असते. नसेल तर गाडीबरोबर मिळालेले पुस्तक बघा. समजा, पाटीवर पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ४१ असे आहे. म्हणजे एका चौरस इंचावर इतके पौंड दाब. २८ पौंड म्हणजे जवळजवळ पावणेतेरा किलो. टायरच्या कडेवरचा आकडा मात्र धरू नका. ती जास्तीत जास्त दाबाची हद्द असते.

अंगठ्याने टायर दाबून "हवा हाय की!" म्हणणे खरे नव्हे. अंगठ्याला २० आणि २८ मधला फरक कळत नाही. हवा मोजायचे मीटर आणि पायपंप घरात ठेवावा. मग असे करा :

१. सकाळी गाडी काढण्याआधी मोजा. चाललेला टायर तापतो, आतला दाब वाढतो आणि आकडा जास्त दिसतो. तापलेल्या टायरातली हवा सोडू नका.

२. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवा.

३. मीटरचे तोंड व्हॉल्व्हवर सरळ दाबा. फुस्स आवाज येतच राहिला तर तोंड वाकडे बसले आहे. पुन्हा दाबा. काटा थांबला की आकडा वाचा.

४. हवा कमी असेल तर पंपाने थोडी भरा. पुन्हा मोजा. जास्त झाली तर व्हॉल्व्हमधली पिन दाबून थोडी सोडा.

५. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा आला तर गळती आहे. ती दुकानात दुरुस्त करून घ्या. मग टोपी घट्ट बसवा. तिच्यामुळे धूळ-चिखल आत जात नाही.

पंक्चर नसले तरी हवा हळूहळू कमी होतेच. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. दूरचा प्रवास असेल किंवा मागे माणूस बसणार असेल, तर आधी मोजा.

मंडळी, आता तुम्हाला आकडे वाचता येतात. तेव्हा पाटी स्वतः वाचा, मीटर स्वतः बघा. पाच मिनिटांचे काम आहे, पण घरची माणसे सुखरूप परत येतात.

सांगा पाहू :
१. हवा केव्हा मोजावी? का?
२. पाटीवर मागच्या चाकाला दोघांसाठी ४१ आहे. मीटर ३३ दाखवते. किती हवा भरायची?
३. तुमच्या गाडीच्या पाटीवरचे आकडे वहीत लिहून आणा.