बेलाच्या खोलीची खिडकी

चि. मैत्रेयीस,


तुझं पत्र मिळालं. 'ट्वायलाइट'चे चारही भाग तू सुट्टीत वाचून काढलेस आणि मैत्रिणी चिडवतात म्हणून आता ती पुस्तकं कपाटात मागे सरकवून ठेवलीस, हे वाचून वाईट वाटलं. पुस्तकं पुढे आण. ज्या पुस्तकाने आपल्याला मध्यरात्रीपर्यंत जागवलं, त्याने आपल्यात नेमकं कशाला हात घातला ते शोधायचं असतं, लपवायचं नसतं. मीही चारही भाग वाचले आहेत, म्हणून मला काय वाटलं ते मोकळेपणाने लिहिते.

आधी तुझ्या बाजूने. 'ड्रॅक्युला' ही व्हॅम्पायरची कादंबरी आली 1897 साली. तिथला व्हॅम्पायर बाहेरून येऊन घर बाटवणारा. 'ट्वायलाइट'च्या लेखिकेचा, स्टेफनी मायरचा एडवर्ड वेगळा आहे. 1918च्या फ्लूच्या साथीत सतराव्या वर्षी मरणाच्या दारात असताना डॉक्टर कार्लाइल त्याला व्हॅम्पायर करतो, आणि पुढे कार्लाइलचं सगळं कुटुंब माणसाच्या रक्तापासून स्वतःला दूर ठेवायचं व्रत पाळतं. नायिका बेलाच्या रक्ताचा वास एडवर्डला वेड लावतो, तरी तो तिला इजा करत नाही. हातात एवढी ताकद असून थांबणारा पुरुष! मला वाटतं, तुला भिडलं ते हेच. ती ओढ खरी आहे आणि चांगलीही आहे. सोळाव्या वर्षी मुलीने जोडीदाराकडून संयमाची अपेक्षा धरावी, यात चिडवण्यासारखं काहीच नाही.

पण मैत्रेयी, थांबायचं की नाही, कधी आणि किती, हे सगळं ठरवतो तोच. बेलाला कुणी विचारतं का? हा एक प्रश्न हातात धरून ही पुस्तकं पुन्हा वाच.

पहिल्याच भागात कळतं की एडवर्ड रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत असतो. हे ऐकून बेला रागावत नाही. आपण झोपेत काय बरळलो, याचीच तिला काळजी. गोष्ट तिच्या तोंडून येते, आणि ती प्रेमात आहे, त्यामुळे आपल्यालाही ते गोड वाटून जातं. आता 2020 साली आलेलं 'मिडनाइट सन' उघड. तीच गोष्ट, पण एडवर्डच्या मनातून. तिथे तो खिडकी अडते म्हणून पुढच्या वेळी तेल आणायचं ठरवतो. जीवशास्त्राच्या वर्गातल्या त्या पहिल्या भेटीत, बेलाला मारायचं तर साक्षीदार उरू नयेत म्हणून बाकीच्या मुलांना कोणत्या क्रमाने संपवावं लागेल, याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. बेलाला या बाकाशेजारच्या मुलाचा नुसता तुसडेपणा दिसला होता. मायरने स्वतःच हे लिहिलं, हा मला तिचा मोठा प्रामाणिकपणा वाटतो. तिच्या टीकाकारांनीही याहून बोलका पुरावा दिलेला नाही.

'एक्लिप्स'मध्ये बेलाने तिच्या मित्राकडे, जेकबकडे जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला एक भाग काढून घेतो. पुढे आपण शिकारीला जाताना बहिणीला, ॲलिसला, पिवळी पोर्श देऊन बेलाला घरात अडकवून ठेवायला सांगतो. कारण प्रत्येक वेळी तेच, तिची काळजी. नंतर तो नमतं घेतो आणि तिला जाऊ देतो, हे खरं. तरीही परवानगी देणारा तोच राहतो. तुझ्यावर प्रेम करणारा मुलगा उद्या तुझा फोन तपासू लागला, मैत्रिणींकडे जाऊ नको म्हणाला, तर तोही काळजीचंच नाव घेईल. त्याचा चेहरा एडवर्डसारखा देखणा असेल तर ओळखणं आणखी अवघड जाईल.

'न्यू मून'मधली ती चार पानं तुला आठवत असतील. एडवर्ड तिच्या भल्याचं म्हणून एकट्याने निर्णय घेऊन निघून जातो, आणि पुस्तकात ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी एवढेच शब्द उरतात, बाकी पान कोरं. दुःखाने माणूस असा बधिर होतो, हे इतक्या कमी शब्दांत फार थोड्यांनी सांगितलं असेल. पण त्या महिन्यांत बेलाचे वडील जेवणाच्या टेबलाशी बसलेले होते, शाळा चालू होती, बाहेर पाऊस पडत होता. तुझ्यावर कधी अशी वेळ आली तर आईला सांग, मला सांग. एकटीने कोरं पान होऊन बसू नकोस.

आणखी एक, कादंबरीत लांडगे होणाऱ्या जेकबच्या क्विल्यूट लोकांबद्दल. क्विल्यूट ही खरी जमात आहे, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या ला पुश या गावात राहणारी. आपण मूळचे लांडगे, त्यांतून माणसं झालो, ही त्यांची स्वतःची कथा. पण व्हॅम्पायरांशी वैर, तह, पाहताक्षणी जन्माची गाठ पडणं, हे सगळं मायरच्या कल्पनेतलं. जिवंत माणसांचं खरं नाव घेऊन त्यांच्या श्रद्धेत असं काही मिसळणं मला पटत नाही. सिएटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीच्या सहकार्याने खरं काय आणि कादंबरीतलं काय, हे वेगळं करून मांडलं. त्या लोकांची खरी चिंता निराळीच आहे. त्यांची वस्ती त्सुनामीच्या पट्ट्यात येते, आणि उंचावर हलण्यासाठी त्यांना जागा देणारा कायदा 2012 साली झाला. लांडग्यांइतकंच हेही तुला माहीत असावं.

आता पुढचं वाचन. 'ड्रॅक्युला' नंतर घे. त्याआधी शेरिडन ले फानू या आयरिश लेखकाची 'कार्मिला' वाच. 1872 सालची, 'ड्रॅक्युला'च्याही पंचवीस वर्षं आधीची, दोन-तीन बैठकीत संपेल एवढी. तिथेही निवेदन एका मुलीचं, लॉराचं आहे आणि तिथेही रात्री खोलीत कुणी येतं. फरक असा की लॉराला कार्मिलाची ओढ वाटते तशी शिसारीही वाटते, आणि ती दोन्ही लपवत नाही. बेलाची खोली आणि लॉराची खोली शेजारी ठेवून वाच, आणि तुला काय दिसलं ते मला सविस्तर लिही. मैत्रिणी काय म्हणतात ते नको, तुझं स्वतःचं मत हवं.

तुझी,
सुधाआत्या