सशाच्या लेंड्या : एक दुर्लक्षित विषय

वार्षिकांकासाठी साहित्य मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा माझ्या मित्रांनी कविता, प्रवासवर्णन, आवडती कादंबरी असे विषय निवडले. मी माझा विषय सांगितला तेव्हा सारे हसले. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने सशाच्या लेंड्यांवर लिहावे हे थोडे विचित्र आहे खरे. परंतु या विषयाशी माझी एक चूक जोडलेली आहे. ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आई-वडील शाळेत गेलेले नाहीत. मजुरी आणि चार शेळ्या यांवर घर चालते. २०२३ च्या दिवाळीत मामांनी धाकट्या बहिणीसाठी पांढऱ्या सशांची जोडी आणली. गाजर खाणारा ससा आम्ही चित्रांतून पाहिलेला, म्हणून रोज गाजर. शिवाय बिस्किटे, पोळीचे तुकडे, भिजवलेले हरभरे. गवत मात्र शेळ्यांना. पाहुण्यांना गवत कसे घालायचे?

महिन्याभरात नराच्या शेपटीखाली काळपट, चिकट, वास येणारे काहीतरी लागलेले दिसू लागले. मी म्हटले, "हगवण लागली." आई शेळ्यांची धार काढून आली, तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "अरं, ही हगवण न्हाई. हगवण पाण्यावानी ओघळती. ह्ये तर द्राक्षावानी घोस हायत. दाणं लई झाल्यात त्येला. वाळकं गवत घाल."

मी ऐकले नाही. बहिणीच्या खोकल्यासाठी आणलेल्या गोळ्यांतल्या दोन घरात उरल्या होत्या. पाकिटावरचे इंग्रजी नाव घरात मला एकट्यालाच वाचता येत होते : अमॉक्सिसिलिन. जंतू मारणारे औषध, एवढे मला ठाऊक होते. गोळी पाण्यात विरघळवून मी ती सशाला पाजली. चौथ्या दिवशी तो मेला.

पुढे तालुक्याच्या पशुवैद्य डॉक्टरांनी मला सारे समजावून सांगितले, आणि मग मी मिळेल ते वाचत गेलो. त्याचा सारांश असा.

ससा गवत खातो, पण शेळीसारखे रवंथ करीत नाही. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. गवत तेथे आधी आंबते आणि मग आतड्यात जाते. सशाचे उलटे आहे. त्याचे जठर साधे असते, आणि आंबवण्याचे काम लहान आतड्याच्या पुढे असलेल्या अंधनालात होते. अंधनाल म्हणजे एका टोकाला बंद असलेली मोठी पिशवी. अन्नातला जाड चोथा बाजूला सारला जाऊन त्याच्या सुक्या, गोल लेंड्या बनतात. बारीक भाग अंधनालात परततो. तेथले असंख्य जीवाणू त्यापासून प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे तयार करतात.

पण हे पोषण तयार होते ते लहान आतडे ओलांडल्यावर! मग ते अंगी कसे लागणार? निसर्गाने त्यावर एक युक्ती केली आहे. अंधनालातला माल मऊ, बुळबुळीत आवरणाच्या लहान गोळ्यांच्या घोसांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ससा तो गुदद्वारापाशीच तोंड नेऊन गिळतो. हे बहुधा रात्री किंवा पहाटे घडते, म्हणून आपल्या दृष्टीस पडत नाही. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्ये या दोन प्रकारच्या लेंड्यांचे वर्णन केले होते. आपल्याला किळस वाटते, पण सशाचे ते दुसरे जेवण आहे.

आता माझी चूक वाचकांच्या ध्यानात येईल. आमच्या सशाला रोग झालाच नव्हता. गोड आणि पिठूळ खाण्याने घोस जास्त आणि चिकट होत होते. तो ते खात नव्हता, म्हणून ते केसांना लागत होते. मी दिलेल्या औषधाने अंधनालातले उपकारक जीवाणू मारले. त्यांची जागा विष निर्माण करणारे जीवाणू घेतात आणि ससा दगावतो. पेनिसिलिनच्या जातीची औषधे सशाला तोंडावाटे कधीही देऊ नयेत.

सशाचे पोट कसे आहे, हे लेंडीवरून पुष्कळसे कळते. लेंडी गोल, सुकी, वाटाण्याएवढी असावी आणि मोडली तर आत गवताचा भुसा दिसावा. निरोगी ससा दिवसाला अशा शंभरावर लेंड्या टाकतो. त्या बारीक, वेड्यावाकड्या आणि थोड्या झाल्या, तर चारा किंवा पाणी कमी पडते आहे, अथवा कोठेतरी दुखते आहे. माळेसारख्या केसात ओवलेल्या दिसल्या, तर अंग चाटताना केस पोटात गेले आहेत; फणीने गळके केस काढावेत आणि गवत वाढवावे. घोस वारंवार पडून राहिले, तर दाणे, बिस्किटे, फळे बंद करावीत. ससा फार लठ्ठ असला किंवा त्याची पाठ दुखत असली, तरी त्याचे तोंड तेथवर पोहोचत नाही. पाण्यासारखी पातळ झाली, तर ती खरी हगवण. पिल्लांत ती बऱ्याचदा परजीवींमुळे होते आणि लवकर जीव घेते.

सर्वांत वाईट म्हणजे लेंडीच नसणे. सशाला ओकता येत नाही. आतड्याची हालचाल थांबली की आत वायू साठतो, वेदनेने तो खात नाही, आणि न खाल्ल्याने आतडे आणखी थंडावते. अंग आखडून बसलेला, दात करकर वाजवणारा ससा झोपाळू नसतो, तो दुखण्यात असतो. अर्धा दिवस खाणे आणि लेंडी दोन्ही बंद असतील, तर सकाळची वाट पाहू नये.

गेल्या वर्षी मादीवर ही वेळ आली. पिंजरा कोरडा दिसताच मी तिला पिशवीत घालून पहिल्या एस.टी.ने तालुक्याला नेले. डॉक्टरांनी पोट चाचपले, अडथळा नाही याची खात्री केली, सलाईन आणि वेदनाशामक दिले. घरी आम्ही पिचकारीने पातळ खाणे भरवले. दुसऱ्या दिवशी पहाटे चार लेंड्या पडल्या. बहिणीने त्या मोजून सर्वांना उठवले.

आता मादीला मुख्यतः गवत : हरळी आणि वाळलेला चारा. त्याने पोटही चालते आणि जन्मभर वाढणारे दातही झिजतात. लसूणघास थोडा, कारण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम जास्त. गाजराचा तुकडा सणासुदीला.

रोज सकाळी आई शेळ्यांच्या खालची जमीन पाहते आणि मी पिंजऱ्याखालची. तिला इंग्रजी पाकीट वाचता येत नाही; पण त्या दिवशी जे वाचायला हवे होते, ते तिनेच बरोबर वाचले होते. वाचकांपैकी कोणाच्या घरी ससा असेल, तर त्यांनी पिंजरा झाडण्यापूर्वी क्षणभर खाली पाहावे, एवढीच विनंती.