वायफायची दोन नावे, पण भिंत कोठे आहे?



आमच्या गावच्या सभागृहात वायफाय घेतले, तेव्हा ॲक्सेस पॉइंट लावण्याचे काम माझ्याकडे आले. मी 'कचेरी' आणि 'पाहुणे' अशी दोन नावे दिली, दोन पासवर्ड ठेवले आणि निश्चिंत झाले. पुढे एका लग्नाच्या संध्याकाळी एका पाहुण्या मुलाने फोनवरून फोटो छापावयास पाठविला, तो थेट आतल्या कचेरीच्या प्रिंटरमधून बाहेर पडला! मुले हसली, माझ्या पोटात मात्र गोळा आला. त्याच कचेरीच्या संगणकात सभासदांचे पत्ते, फोन आणि वर्गणीचा हिशेब आहे. मी दारे दोन केली होती, पण आतली खोली एकच होती. मधली भिंत कशी घालावयाची, तो आजचा धडा.

१. खूण म्हणजे काय?

मुंबईचे डबेवाले आठवा. शेकडो डबे एकाच लोकलमधून जातात, तरी प्रत्येक डबा आपल्या जागी पोचतो, कारण झाकणावर खूण असते. जेवणाऱ्याला त्या खुणेचे काही काम नसते. ती वाटेवरच्या माणसांसाठी असते.

तारेतही असेच आहे. माहितीच्या प्रत्येक पाकिटाला ४ बाइटची चिठ्ठी लावतात आणि तीवर १ ते ४०९४ पैकी एक आकडा असतो. ह्या आकड्याने वेगळ्या केलेल्या जाळ्यास 'व्हीलॅन' म्हणतात. ८०२.१क्यू नावाचे हे प्रमाण १९९८ सालचे आहे. चिठ्ठीसह जाणारे पाकीट 'टॅग्ड', चिठ्ठीशिवाय जाणारे 'अनटॅग्ड'. चिठ्ठी हवेत नसते. फोनकडून आलेले पाकीट तारेत सोडताना ॲक्सेस पॉइंट ती लावतो.

२. आधी कागदावर

आम्ही कचेरीला १० आणि पाहुण्यांना २० हा आकडा दिला. कचेरीचे पत्ते १९२.१६८.१०.– असे आणि पाहुण्यांचे १९२.१६८.२०.– असे. (यंत्रात भरताना अर्थातच इंग्रजी आकडे.) हे लिहून भिंतीवर चिकटवा. सहा महिन्यांनी आपलेच आपल्याला आठवत नाही.

३. कामाचा क्रम

पहिले, राउटर. त्यात १० आणि २० ही दोन्ही जाळी तयार करा. प्रत्येकाला पत्ते वाटणारा डीएचसीपी वेगळा हवा. आम्ही दोन्हीकडे १०० ते २०० हे पत्ते वाटावयास ठेवले. मग सर्वांत महत्त्वाची ओळ लिहा: २० कडून १० कडे जाण्यास बंदी. पुष्कळ राउटर सांगितल्याशिवाय ही बंदी घालीत नाहीत. राउटरचे सेटिंगचे पानही पाहुण्यांना बंद करा.

दुसरे, स्विच. तो आकडे ओळखणारा, म्हणजे 'मॅनेज्ड', असावा लागतो. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर १० व २० दोन्ही टॅग्ड. संगणक व प्रिंटर यांच्या पोर्टवर फक्त १०, अनटॅग्ड, आणि पीव्हीआयडी १०. ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर १० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०, आणि २० टॅग्ड.

तिसरा, ॲक्सेस पॉइंट. त्याच्या लॅन सेटिंगमध्ये कायमचा पत्ता द्या: १९२.१६८.१०.२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१०.१. हा पत्ता वाटपाच्या १०० ते २०० मध्ये येऊ देऊ नका. त्याचा स्वतःचा डीएचसीपी असल्यास बंद ठेवा. मग 'पाहुणे' ह्या नावापुढे २० लिहा. 'कचेरी'पुढे आकडा लिहू नका. स्विच त्या पोर्टवर १० ची चिठ्ठी काढून देतो, म्हणून ते नावही चिठ्ठीशिवायच राहिले पाहिजे.

४. माझी चूक

मी क्रम उलटा केला. स्विचला हात लावण्याआधीच ॲक्सेस पॉइंटमध्ये 'मॅनेजमेंट व्हीलॅन'च्या चौकटीत १० लिहून सेव्ह केले. त्याच क्षणी त्याचे पान नाहीसे झाले! तो चिठ्ठी लावून बोलत होता आणि माझ्या संगणकाला ती भाषा समजत नव्हती. शेवटी शिडीवर चढून, टाचणीने रीसेटचे बटण दाबून सर्व पुन्हा करावे लागले. ती चौकट वरील मांडणीत अनटॅग्डच ठेवा. बदलणे भागच असेल तर सर्वांत शेवटी, आणि आधी सेटिंगची प्रत जतन करून.

५. परीक्षा

फोन 'पाहुणे'वर जोडा. पत्ता १९२.१६८.२०.– असा दिसावा आणि इंटरनेट चालावे. मग त्याच फोनवरून कचेरीचा प्रिंटर शोधा. तो सापडता कामा नये. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, किंवा पत्ताच मिळाला नाही, तर बहुधा २० हा आकडा वाटेत कोठे तरी राहिला आहे. राउटरपासून एकेक पोर्ट तपासा.

एवढे झाल्यावर पुढच्या समारंभाला मी मुद्दाम त्याच मुलाला बोलावून म्हटले, "छाप बघू फोटो." त्याने बराच प्रयत्न केला आणि म्हणाला, "बाई, प्रिंटर दिसतच नाही." त्या दिवशी मला खरी झोप लागली.

आपल्या सभागृहात अशी दोन नावे असतील, तर ही परीक्षा या आठवड्यातच घेऊन पाहा. पाच मिनिटे लागतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका