जीवनसत्त्व 'क' : त्याचा शरीरांतील प्रवास व कार्य

विद्यार्थिमित्रहो, पहिल्या महायुद्धांतील एका प्रसंगापासून या लेखास आरंभ करूं. सन १९१५ च्या डिसेंबरांत मेसोपोटेमियांतील कुत-अल-अमारा या गांवीं तुर्की सैन्यानें हिंदी फौजेच्या सहाव्या, म्हणजे 'पुणें' डिव्हिजनला वेढा घातला. हा वेढा १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत, जवळजवळ पांच महिने चालला. आंत गोरे शिपाई होते, तसे मराठा पलटणींतील आपले जवानहि होते. ताज्या भाज्या व फळें मिळेनाशीं झालीं. शिधा पुरेना म्हणून घोडे मारून त्यांचें मांस देण्यांत येऊं लागलें. गोऱ्या शिपायांनीं तें खाल्लें. बहुतेक हिंदी शिपायांनीं मात्र धर्म व रूढि यांस स्मरून तें अखेरच्या आठवड्यांपर्यंत नाकारलें. पुढें हिंदी शिपायांत स्कर्व्ही नांवाचा रोग पसरला व शेंकडों जवान त्यास बळी पडून अंथरुणास खिळले. गोऱ्या शिपायांस त्याची बाधा फारशी झाली नाहीं.

या रोगांत हिरड्या सुजून त्यांतून रक्त येतें, दांत हलूं लागतात, कातडीखालीं रक्ताचे डाग पडतात, सांधे दुखतात, आणि पूर्वीं भरून आलेल्या जखमाहि पुन्हां उकलतात. उपाय न झाल्यास रोगी दगावतो. हें सर्व एका पदार्थाच्या अभावीं घडतें. त्यास आपण जीवनसत्त्व 'क' म्हणतों. वेढ्यांतील जव-गव्हाच्या पिठांत तें मुळींच नव्हतें. ताज्या मांसांत तें अल्प प्रमाणांत होतें. शिपायांच्या शौर्यांत कांहीं उणें नव्हतें. उणें होतें तें ताटांत.

येथें एक प्रश्न सहज उद्भवतो. घोडा कांहीं पेरू-संत्रीं खात नाहीं. मग त्याच्या मांसांत 'क' आलें कोठून? उत्तर असें कीं, घोडा, गाय, कुत्रा, मांजर इत्यादि बहुतेक सस्तन प्राणी आपल्या यकृतांत साखरेपासून हें जीवनसत्त्व स्वतःच तयार करितात. ही कृति अनेक पायऱ्यांनीं होते. मनुष्याच्या शरीरांत शेवटच्या पायरीस लागणारें एन्झाइम तयार होत नाहीं, कारण त्याची आनुवंशिक सूचना फार प्राचीन काळींच बिघडून निकामी झाली आहे. माकडें, फलभक्षी वटवाघळें व गिनीपिग यांचीहि हीच स्थिति आहे. १९०७ सालीं नॉर्वेमधील होल्स्ट व फ्रोलिश यांनीं गिनीपिगांस केवळ धान्यावर ठेविलें असतां त्यांस स्कर्व्ही झाला, आणि या रोगाचा पद्धतशीर अभ्यास शक्य झाला. पुढें हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी यांनीं हा पदार्थ शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. त्यांस १९३७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आपण खाल्लेल्या पेरूच्या एका फोडीबरोबर प्रवास करूं. जठरांत फोडीचा लगदा होतो व तो लहान आंतड्यांत उतरतो. आंतड्याच्या अस्तरांतील पेशींवर कांहीं विशिष्ट प्रथिनें असतात. बंदरावरील हमालांप्रमाणें तीं 'क' चे कण उचलून पेशींत नेतात. मात्र प्रत्येक खेपेस सोबत सोडियमचे कण असावे लागतात. सोडियम म्हणजे आपल्या नेहमींच्या मिठांतील एक घटक होय. या हमालांची संख्या मर्यादित असते. म्हणून दिवसाकाठीं ३० ते १८० मिलिग्रॅम 'क' पोटांत गेलें, तर त्यांतील शेंकडा ७० ते ९० भाग शोषिला जातो. परंतु एक ग्रॅमहून अधिक घेतलें, तर निम्म्याहूनहि कमी भाग आंत जातो. उरलेलें आंतड्यांतच राहून कित्येकांस जुलाब होतात.

आंतड्यांतून 'क' रक्तांत येतें. तेथून दुसऱ्या प्रकारचे हमाल त्यास निरनिराळ्या इंद्रियांत पोंचवितात. मेंदू, डोळे, मूत्रपिंडावरील ग्रंथि व रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी यांत त्याचें प्रमाण रक्तांतील प्रमाणाच्या कितीतरी पट असतें. मूत्रपिंडें या व्यवहारांत चोख कारकुनाचें काम करितात. रक्त गाळतांना बाहेर पडलेलें 'क' तीं बहुतांशीं परत घेतात. पुरवठा कमी असेल, तर जवळजवळ एकहि कण वायां जाऊं देत नाहींत. आणि रक्त तृप्त असेल, तर जास्तीचें 'क' मूत्रावाटें सोडून देतात.

सुपोषित प्रौढ मनुष्याच्या शरीरांत एकूण दीड ते दोन ग्रॅम 'क' असतें; तें सुमारें ३०० मिलिग्रॅमच्या खालीं उतरलें, कीं स्कर्व्हीचीं चिन्हें दिसूं लागतात. यावरून ध्यानांत येईल कीं, ही शिल्लक वर्षभर पुरणारी नव्हे. एके दिवशीं पोटभर आवळे खाऊन पुढें सहा महिने निश्चिंत राहतां येत नाहीं.

मग हें 'क' शरीरांत करितें तरी काय? त्याचें मुख्य कार्य कोलॅजन नांवाच्या प्रथिनाच्या घडणींत आहे. कातडी, हाडें, हिरड्या, रक्तवाहिन्या या सर्वांस बांधून धरणारें प्रथिन तें हेंच. काथ्याचा दोर तीन पदरांचा वळलेला असतो. कोलॅजनचेहि तसेच तीन पदर असतात. हे पदर एकमेकांस घट्ट धरून राहावे म्हणून त्यांवर ठिकठिकाणीं ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोडीची जणुं गांठ बसवावी लागते. हें काम ज्या एन्झाइमांकडे आहे, त्यांच्या मध्यभागीं लोहाचा एक कण असतो. काम करितां करितां तो लोहकण गंजल्यासारखा होऊन निरुपयोगी बनतो. 'क' त्यास पुन्हां पूर्वस्थितीस आणितें. 'क' नसलें, कीं गांठी बसत नाहींत, दोराचे पदर सैल राहतात, आणि जेथें जेथें त्या दोराचा आधार, तेथें तेथें शरीर उसवूं लागतें.

ही गोष्ट जॉन क्रँडन या बोस्टन येथील तरुण शस्त्रवैद्यानें १९३९-४० च्या सुमारास स्वतःच्या देहावर पडताळून पाहिली. त्यानें सहा महिने फळें, भाज्या व दूध वर्ज्य केलें. सहा आठवड्यांच्या आंतच त्याच्या रक्तद्रवांतील 'क' नाहींसें झालें. तीन महिन्यांनीं त्यानें आपल्या पाठीवर जखम करवून घेतली. ती नेहमींप्रमाणें भरून आली, कारण पेशींत अद्याप थोडी शिल्लक होती. सहा महिन्यांनीं दुसरी जखम करण्यांत आली. या वेळीं वरची कातडी सांधली, पण आंत साकळलेल्या रक्ताशिवाय कांहींच नव्हतें. नंतर त्यास शिरेवाटें 'क' देण्यांत आलें, आणि दहा दिवसांत तीच जखम नीट भरून येत असल्याचें आढळलें. ज्ञानासाठीं स्वतःचा देह पणास लावणाऱ्या या वैद्यामुळें जखमी व शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या आहाराकडे लक्ष देण्याचें महत्त्व पटलें.

'क' चीं इतरहि कार्यें आहेत. शरीरांत निर्माण होणाऱ्या विध्वंसक कणांस तें निष्प्रभ करितें, आणि मज्जातंतूंचे निरोप वाहणारीं कांहीं द्रव्यें तयार होण्यास साह्य करितें. आपल्यासारख्या भाकरी-भाजी खाणारांस त्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. बाजरी, कडधान्यें व पालेभाज्या यांतील लोह सहजासहजीं शोषिलें जात नाहीं. त्याच जेवणांत 'क' असेल, तर तें लोहास शोषणसुलभ रूप देतें. पंक्तींत पानाच्या डाव्या बाजूस लिंबाची फोड वाढण्याची आपली रीत केवळ चवीपुरती नाहीं, हें यावरून उमजेल.

आतां पालकांसाठीं चार शब्द. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम 'क' असावें, असें ठरविलें आहे. शंभर ग्रॅम पेरूंत तें सुमारें २०० मिलिग्रॅम असतें, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. आवळा, शेवग्याचा पाला व कोथिंबीर हींहि त्यानें समृद्ध आहेत. आंबट तेवढें सर्व 'क' युक्त, असा मात्र समज नसावा. चिंच आंबट खरी, पण तींत तें नांवापुरतेंच असतें. कोरड्या मुगा-मटकींत तें जवळजवळ नसतें. पण त्यांस मोड आले, कीं तें उत्पन्न होऊं लागतें.

हें जीवनसत्त्व पाण्यांत विरघळतें, व उष्णतेनें आणि हवेनें नाश पावतें. म्हणून भाजी आधीं धुवावी व मग चिरावी. चिरून फार वेळ ठेवूं नये. थोड्या पाण्यांत, झांकण ठेवून, थोडा वेळच शिजवावी. शिजविलेलें पाणी फेकूं नये. आणि लिंबू पातेलें चुलीवरून उतरल्यावर पिळावें. गोळ्यांच्या मोठमोठ्या मात्रांनीं पडसें टळतें, ही समजूत सर्वसामान्य माणसांपुरती तरी खरी ठरलेली नाहीं. नित्य सेवनानें तें किंचित् लवकर बरें होतें, इतकेंच. उलट अतिरेकानें कित्येकांस मुतखड्याचा धोका संभवतो.

मित्रहो, कुतच्या वेढ्यांतील जवानांस जें लाभलें नाहीं, तें आपल्या गांवच्या आठवड्याच्या बाजारांत थोड्या पैशांत मिळतें. पुढच्या वेळीं बाजारांत जाल, तेव्हां खाऊच्या पैशांतून एक पेरू घ्या, आणि घरीं नेऊन त्यांतील अर्धी फोड धाकट्या भावंडास द्या.