भिंतीचा कोपरा का फाटतो?

भाची : मामा, सुरतेजवळच्या हजीऱ्यात कारखान्यांच्या कंपाउंडच्या लांबच लांब भिंती आहेत. अशा भिंतीत एक गोष्ट मला कळत नाही. मधे भिंत ठणठणीत असते आणि कोपऱ्यावर मात्र वरून खाली सरळ भेग गेलेली असते. वीट तीच, सिमेंट तेच, गवंडीही तोच. मग कोपराच का फाटतो?

मामा : कारण वीट आणि सिमेंट मिळून अजून भिंत होत नाही. विटा एकमेकींत गुंतल्या की भिंत होते. विटेवर वरून भार टाक, ती सोसते. दोन विटांमधला सांधा मात्र ओढून बघ, लगेच सुटतो. सिमेंटचा माल दाबाला दणकट आणि ताणाला दुबळा असतो, आणि विटेला चिकटून राहण्याची त्याची ताकद तर आणखीच कमी. म्हणून उभा सांधा सलग ठेवत नाहीत. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट येते, मग भेगेला सरळ वाट मिळत नाही. तिला एक तर वीट फोडावी लागते, नाहीतर पायऱ्यापायऱ्यांनी वळसे घ्यावे लागतात, आणि त्या वळशांत वरच्या भिंतीचं वजन आडव्या सांध्यांना दाबून तिला अडवतं. शिवाय एका जागी आलेला भार थरागणिक पसरत जातो. विटेवर वीट नुसती रचली तर तो एकाच रांगेतून खाली उतरतो आणि शेजारची रांग नुसती बघत राहते.

भाची : इंग्लिश बाँड म्हणतात तो हाच का?

मामा : त्याचा एक प्रकार. नऊ इंची भिंतीत एक थर स्ट्रेचरचा, म्हणजे विटांची लांब बाजू दर्शनी, आणि पुढचा थर हेडरचा, म्हणजे विटेचं टोक बाहेर. हेडर भिंतीच्या आरपार जातो आणि पुढची-मागची बाजू बांधून टाकतो. खरी गंमत कोपऱ्याजवळ आहे. मालासकट वीट 9 इंच लांब आणि साडेचार इंच रुंद धर. कोपऱ्यापासून हेडर लावत गेलं तर सांधे साडेचार, 9, साडेतेरा, 18 इंचांवर पडतात. स्ट्रेचरचे पडतात 9 आणि 18 वर. म्हणजे स्ट्रेचरचा प्रत्येक सांधा हेडरच्या सांध्यावर बरोबर बसला, गुंफण गेली! म्हणून कोपऱ्यातल्या पहिल्या हेडरला लागून सव्वादोन इंच रुंदीचा उभा चिरलेला तुकडा बसवतात, त्याला क्वीन क्लोजर म्हणतात. त्याने पुढची सगळी रांग सव्वादोन इंच सरकते आणि भिंतभर प्रत्येक सांधा पाव विटेने चुकतो. घाईतला गवंडी हा तुकडा अगदी टोकाला लावतो, तिथून तो सहज निखळतो. फ्लेमिश बाँडमध्ये हेडर-स्ट्रेचर एकाच थरात आलटूनपालटून येतात. दिसायला देखणा, पण तुकडे जास्त लागतात. ज्या भिंतीवर प्लास्टर चढणार तिला हा थाट कशाला, असं माझं मत.

भाची : पण हा हिशोब चुन्या-मातीच्या काळातला वाटतो. आता सिमेंटचा माल आहे, राखेच्या विटा साच्यातून एका मापाच्या निघतात.

मामा : माप नेमकं असलं तर क्लोजरचा हिशोब सोपा होतो, त्याची गरज संपत नाही. चांगल्या मालाने सांधा सुधारतो, पण तो सांधाच राहतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते बघ. सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथल्या दगडी भिंती जाडजूड होत्या, आणि दगड फुटला म्हणून त्या पडल्या नाहीत. भिंतीला आत एक थर, बाहेर एक थर, मधे दगडगोटे आणि माती, आणि दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटले, फुगले, आणि वरचं मातीचं जड माळवद खाली आलं.

भाची : तो दोष मातीचा म्हणता येईल. माल सिमेंटचा असता तर?

मामा : फरक नक्की पडला असता, मातीचा वाटा मी नाकारत नाही. पण उभ्या राहिलेल्या घरांना मजबूत करण्याची जी पद्धत पुढे आली, ती बघ. त्यात भिंतीतली माती बदलत नाहीत. भिंतीला आरपार भोक पाडायचं, सळई घालायची, काँक्रीट भरायचं. मूळ बांधकामात न घातलेला दगडच मागाहून बसवल्यासारखं. आता कोपऱ्याकडे ये. पोस्टकार्ड काठावर उभं राहत नाही, मधे दुमडलं की राहतं. भूकंपात एका भिंतीला पाठीवर धक्का बसतो तेव्हा काटकोनातली दुसरी भिंत तिला धरून ठेवते, कोपरा जुळलेला असेल तरच. इंग्लिश बाँडमध्ये एकाच थरात या भिंतीला हेडर आणि त्या भिंतीला स्ट्रेचर येतात, त्यामुळे दोन्ही एकदम चढवल्या तर कोपरा आपोआप विणला जातो. प्रत्यक्षात एक भिंत आधी उभी करतात, दुसरीसाठी दाते, म्हणजे एकाआड एक थरात खाचा, सोडतात, आणि नंतर त्या दात्यांत माल नीट शिरत नाही. आयएस 4326 या 1993 च्या मानकाने हाच दोष नेमका सांगितला आहे. कोपरे आधी 600 मिलिमीटरपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढवा आणि मग मधली भिंत भरा, किंवा दाते दोन्ही भिंतींत आळीपाळीने, साधारण 450 मिलिमीटरच्या टप्प्यांत ठेवा, असं त्यात आहे. तुझी ती सरळ भेग बहुधा अशा पोकळ दात्यांतूनच जाते. त्यात खाडीकाठची भरावाची जमीन कमी-जास्त खचली, की तिला निमित्त मिळतं. कच्छमधली भुंगा नावाची गोल घरं 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात पुष्कळ टिकली, त्याचं एक कारण हेच की त्यांना फाटायला कोपराच नव्हता. छप्परही हलकं होतं, ते वेगळं.

भाची : मग कोपऱ्यात सळया घातल्या की झालं. पण हजीऱ्याची हवा खारट, लोखंड गंजणार.

मामा : शंका रास्त आहे. गंजलेलं लोखंड फुगतं आणि सांधा आतूनच फोडतं, म्हणून सळई नुसत्या विटेच्या मालात ठेवणं इथे धोक्याचं. पण लोखंड टाळणं हा त्याचा उपाय नव्हे. सुरतेचा किल्ला सोळाव्या शतकात, 1540 च्या दशकात, खुदावंदखानाने बांधला. त्याचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडून सांध्यांत वितळलेलं शिसं ओतलं होतं, असं सांगतात. शिशाने पट्टी घट्ट बसते आणि लोखंडाला पाणी-हवा लागत नाही. आज तेच काम घट्ट, नीट मुरवलेलं काँक्रीट आणि जस्त चढवलेली सळई करते. जोत्याला, लिंटलला आणि छताखाली फिरणारा काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींना एकत्र आवळतो. तो कोपऱ्यावरून सलग वळला पाहिजे, तिथे तोडला तर त्याचा उपयोग गेला.

भाची : शेवटची शंका. हल्ली इमारत आरसीसीच्या खांब-तुळयांवर उभी असते. वीट नुसती भरावाला. मग बाँडची एवढी काळजी कशाला?

मामा : इमारत खांबांवर उभी राहते, पण भिंत कोसळते ती माणसांच्या अंगावर. साडेचार इंची भिंतीत हेडर बसतच नाही, सगळे स्ट्रेचर. म्हणजे जाडीच्या दिशेने तिला कसलाही आधार नाही, आणि खांबाच्या कडेला तर मुळातच सलग उभा सांधा आहे. म्हणून सरकारी कामांत अर्ध्या विटेच्या भिंतीला दर तिसऱ्या थरात 6 मिलिमीटरच्या दोन सळया घालायची पद्धत आहे. त्यांची टोकं खांबातून सोडलेल्या सळयांना जोडली, तर भिंत चौकटीला धरून राहते. खांब ओतताना त्या सोडायच्या राहिल्या असतील तर भोक पाडून इपॉक्सीने नंतर बसवता येतात, मात्र भिंतीचा पहिला थर लागायच्या आधी. प्लास्टर झाल्यावर त्या आहेत की नाहीत, हे बाहेरून ठेकेदारालाही सांगता येत नाही.